अनेक डिस्क, एक कोठार : घरगुती लिनक्स सर्व्हरवरील साठ्याची जुळणी

धान्य साठवण्याच्या दोन पद्धती महाराष्ट्रातील खेड्यांत पूर्वापार चालत आल्या. एक पेवाची आणि दुसरी कणग्यांची. पेव म्हणजे जमिनीत खणलेले खोल कोठार. त्यात धान्य पुष्कळ मावे आणि ते एका ठिकाणी राही. परंतु पेवात पाणी शिरले की सगळेच धान्य नासे. कणग्या निराळ्या निराळ्या असत. एका कणगीला उंदीर लागला तर तेवढ्याच कणगीचे नुकसान होई, बाकीचे घर उपाशी राहत नसे. मात्र कोणत्या कणगीत काय आहे आणि कोणतीत किती जागा उरली आहे, हे घरातल्या कोणाला तरी सतत ध्यानात ठेवावे लागे.

आजच्या घरात धान्याखेरीज आणखी एका वस्तूचा साठा होऊ लागला आहे. छायाचित्रे, चित्रफिती, गाण्यांच्या व व्याख्यानांच्या ध्वनिफिती, जमिनीच्या कागदपत्रांच्या प्रती, मुलांचे प्रबंध, वडिलांच्या पत्रांचे स्कॅन असे सारे डिस्कवर साठते. डिस्क भरली की दुसरी येते, ती भरली की तिसरी. काही वर्षांनी कपाटाच्या खणात वेगवेगळ्या आकारमानाच्या चार-पाच डिस्क जमतात आणि कोणत्या डिस्कवर काय आहे हे कोणालाच नीट सांगता येत नाही. या सर्व डिस्क एका संगणकात बसवून त्यांचे एकच कोठार करावे, आणि घरातील प्रत्येकाला आपल्या यंत्रावरून त्या कोठाराचे दार उघडता यावे, ही इच्छा मग साहजिकच उत्पन्न होते. असे कोठार सांभाळणाऱ्या संगणकाला फाइल-सर्व्हर म्हणतात. लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरून तो घरच्या घरी, जुन्या संगणकावरही उभारता येतो.

डिस्कांच्या अशा एकत्रीकरणाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा उच्चार 'पूल' असा होतो. मराठीत पूल म्हणजे सेतू. तेव्हा घोटाळा नको म्हणून या लेखात आपण त्याला 'सामाईक साठा' म्हणू. हा साठा पेवासारखा करावा की कणग्यांसारखा, हाच या विषयातील मूळ प्रश्न आहे. पुढील विवेचन त्याच्याच भोवती फिरणार आहे.

डिस्क का दगा देते

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ साली सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कवर त्याच्या लक्षावधी पट माहिती राहते. परंतु तत्त्व तेच आहे. वेगाने फिरणारी तबकडी, तिच्यावर चुंबकीय लेप, आणि तिच्या पृष्ठभागापासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर तरंगणारे वाचन-लेखनाचे टोक. जे यंत्र फिरते ते झिजते, आणि जे झिजते ते एक दिवस थांबते. फरक एवढाच की कोणती डिस्क कोणत्या दिवशी थांबेल हे आधी सांगता येत नाही.

आता एक साधा विचार करू. एका डिस्कवर विसंबून असलेल्या घराला एका डिस्कच्या बिघाडाचे भय असते. चार डिस्क जोडून एकच सलग साठा केला, आणि त्या साठ्याला चारही डिस्क सुस्थितीत असणे आवश्यक असले, तर त्या चारांपैकी कोणतीही एक बिघडली तरी साठा संकटात येतो. म्हणजे जागा चौपट झाली तशी संकटाची शक्यताही जवळजवळ चौपट झाली. केवळ जोडणी म्हणजे सुरक्षितता नव्हे. उलट, नुसती जोडणी ही पेवातील धान्याप्रमाणे सर्वनाशाची सोय होऊ शकते. लिनक्समधील एलव्हीएम या व्यवस्थेने अनेक डिस्क सहज सलग जोडता येतात. ती व्यवस्था उपयुक्त आहे, परंतु तिच्या साध्या जोडणीत संरक्षण मुळीच नाही, हे नवशिक्यांच्या ध्यानात बहुधा उशिरा येते.

प्रतिबिंब आणि ताळा

या अडचणीचा पद्धतशीर विचार १९८८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मांडला गेला. डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एका निबंधात असे दाखवले की, एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र लावाव्यात आणि त्यांवर थोडी अधिकची माहिती लिहून ठेवावी. म्हणजे एखादी डिस्क गेली तरी तिच्यावरील मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा तयार करता येतो. या रचनेला त्यांनी 'रेड' हे नाव दिले आणि तिचे पाच प्रकार सांगितले. आजच्या सर्व पद्धती कमी-अधिक प्रमाणात याच विचाराची अपत्ये आहेत.

अधिकची माहिती लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रतिबिंबाचा. प्रत्येक मजकूर दोन डिस्कांवर जसाच्या तसा लिहायचा. एक गेली तर दुसरी आहेच. हा मार्ग समजण्यास सोपा आणि वापरण्यास निर्धोक. पण निम्मी जागा त्यात खर्ची पडते.

दुसरा मार्ग पॅरिटीचा. याचे मर्म वाण्याच्या वहीतील बेरजेसारखे आहे. समजा तीन वह्यांत एकाच ओळीवर ७, ४ आणि ९ हे आकडे लिहिले आहेत आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज २० लिहिली आहे. दुसरी वही हरवली तरी चिंता नाही. २० मधून ७ आणि ९ वजा केले की हरवलेला ४ हाती येतो. स्वतः बेरजेची वही हरवली तर ती पुन्हा मांडता येते. संगणक बेरजेऐवजी 'एकांची संख्या सम की विषम' एवढेच पाहतो, पण युक्ती हीच. तीन डिस्कांच्या रक्षणासाठी तिन्हींची प्रत लागत नाही, एका डिस्कएवढी जागा पुरते. मात्र दोन वह्या एकाच वेळी हरवल्या तर एका बेरजेवरून दोन अज्ञात आकडे काढता येत नाहीत. त्यासाठी दुसरा, निराळ्या गणिताने काढलेला ताळा लागतो. म्हणून एक ताळा म्हणजे एका डिस्कच्या बिघाडापासून रक्षण, दोन ताळे म्हणजे दोन डिस्कांच्या, असा हिशेब आहे.

लिनक्सच्या गाभ्यात ही रचना फार पूर्वीपासून अंतर्भूत आहे. एमडीएडीएम या साधनाने ती उभारता येते. ती जुनी, कसोटीला उतरलेली आणि वेगवान आहे. घरगुती उपयोगाच्या दृष्टीने मात्र तिच्या तीन मर्यादा सांगितल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा आकारमानाची. ही रचना सर्व डिस्कांना सर्वांत लहान डिस्कएवढेच मानते. दुसरी मर्यादा विजेची. मजकूर लिहून झाला आणि ताळा लिहायचा राहिला, एवढ्या अवधीत वीज गेली, तर मजकूर व ताळा यांची फारकत होते आणि पुढे डिस्क बिघडल्यावर त्या ताळ्यावरून चुकीचे उत्तर निघू शकते. जेथे वीज अवचित जाते तेथे ही शंका पुस्तकी राहत नाही. तिसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. डिस्कने एखादा मजकूर चुकीचा वाचून दिला आणि त्याबद्दल तक्रारही केली नाही, तर कोणती डिस्क खोटे बोलते आहे हे या रचनेला कळत नाही. बेरीज जुळत नाही एवढे दिसते; चूक कोणत्या वहीत आहे हे दिसत नाही.

आणखी एक बाब. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात असे छापलेले असते की दर १,००,००० अब्ज बिटांमागे फार तर एक बिट वाचता न येण्याचा संभव आहे. हा आकडा सुमारे साडेबारा टेराबाइटांचा होतो. प्रत्यक्षात डिस्क बहुधा याहून चांगल्या वागतात. तथापि मोठ्या डिस्क असलेल्या साठ्यात एक डिस्क बिघडली की उरलेल्या सर्व डिस्क आरंभापासून अंतापर्यंत वाचाव्या लागतात, आणि या कामाला एक-दोन दिवसही लागू शकतात. याच काळात दुसरी डिस्क दगा देण्याचा धोका अधिक. म्हणून मोठ्या डिस्कांच्या साठ्याला एकच ताळा पुरेसा मानू नये, असा जाणकारांचा कल आहे.

पडताळा ठेवणाऱ्या फाइल-व्यवस्था

खोटे बोलणारी डिस्क पकडण्याचा उपाय सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक व मॅथ्यू अॅरेन्स यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या झेडएफएस या फाइल-व्यवस्थेने लोकप्रिय केला. ती २००५ साली मुक्त स्वरूपात प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक मजकुराबरोबर त्याचा एक पडताळा-अंक निराळ्या जागी लिहिलेला असतो. मजकूर वाचताना तो अंक पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहिला जातो. जुळला नाही तर तो मजकूर खोटा ठरतो आणि प्रतिबिंबावरून किंवा ताळ्यावरून खरा मजकूर आणून दुरुस्ती होते. शिवाय ही व्यवस्था जुन्या मजकुरावर नवा कधी लिहीत नाही. नवा मजकूर मोकळ्या जागी लिहून पूर्ण झाल्यावरच नोंद बदलते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुना मजकूर शाबूत राहतो. साठ्याची एखाद्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी गोठवून ठेवण्याची सोयही यातूनच मिळते.

झेडएफएसविषयी दोन गैरसमज प्रचलित आहेत. तिला दर टेराबाइटमागे एक गिगाबाइट स्मृती लागते, असे सांगितले जाते. घरगुती वापरात हे खरे नाही. आठ गिगाबाइट स्मृतीवर ती उत्तम चालते. पुनरावृत्त मजकूर शोधून काढण्याची तिची सोय मात्र स्मृती फार खाते, ती चालू करू नये. दुसरा समज असा की चूक सुधारणारी खास स्मृती नसेल तर ती वापरूच नये. तशी स्मृती असणे चांगले, पण ती नसल्यास अन्य व्यवस्थांपेक्षा झेडएफएस अधिक धोक्याची ठरते असे नाही. तिच्या खऱ्या अडचणी निराळ्या आहेत. परवान्याच्या भिन्नतेमुळे ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट होऊ शकत नाही, वेगळी बसवावी लागते. तसेच तिचा साठा आधी विचार करून आखावा लागतो. ताळ्याच्या गटात एकेक डिस्क वाढवण्याची सोय २०२५ सालच्या २.३ या आवृत्तीत आली खरी, परंतु असा गट एकदा साठ्यात घातला की तो काढून घेता येत नाही. आणि साठ्यातील एक संपूर्ण गट गेला तर सगळा साठा जातो. ती उत्तम बांधलेली, पण शेवटी पेवच आहे.

बीटीआरएफएस ही दुसरी फाइल-व्यवस्था. ख्रिस मेसन यांनी २००७ साली तिचा आरंभ केला आणि २००९ साली ती लिनक्सच्या गाभ्यात आली. पडताळा-अंक, गोठवलेल्या स्थिती, नव्या जागी लेखन हे सर्व गुण तिच्यात आहेत. शिवाय असमान डिस्कांना ती सांभाळून घेते. प्रतिबिंबाच्या प्रकारात ती प्रत्येक तुकडा कोणत्याही दोन डिस्कांवर ठेवते. त्यामुळे जोड्या जुळवाव्या लागत नाहीत, आणि डिस्क चालू साठ्यात घालता वा काढता येते. मात्र तिच्यातील ताळ्याचे प्रकार महत्त्वाच्या मजकुरासाठी वापरू नयेत, असे तिच्या रचनाकारांनीच सांगून ठेवले आहे. बीटीआरएफएस घ्यायची तर ती प्रतिबिंबासाठीच घ्यावी.

कणग्यांची पद्धत

तिसरा मार्ग अगदी निराळा आहे. त्यात डिस्क वेगळ्या वेगळ्याच राहतात. प्रत्येकीवर आपली स्वतंत्र, साधी फाइल-व्यवस्था असते आणि प्रत्येक फाइल कोणत्या तरी एका डिस्कवर संपूर्ण असते. मर्जर-एफएस नावाचा एक कार्यक्रम या सर्व डिस्कांवर एक पातळ आच्छादन घालतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला एकच मोठे फोल्डर दिसते. कणग्या तशाच, पण कोठीचे दार एक. कोणत्या कणगीत काय आहे हे ध्यानात ठेवण्याचे काम संगणकाकडे गेले.

नवी फाइल कोणत्या डिस्कवर ठेवावी, यासाठी मर्जर-एफएसला नियम सांगता येतो. जिच्यावर सर्वांत अधिक जागा मोकळी तिच्यावर ठेव, असा एक नियम. फोल्डर आधीच जिच्यावर आहे तिच्यावरच ठेव, असा दुसरा. दुसऱ्या नियमाने एका प्रवासाची छायाचित्रे एकत्र राहतात, पण डिस्क असमान भरतात. डिस्क संगणकातून काढून दुसऱ्या कोणत्याही लिनक्स यंत्राला जोडली तर तिच्यावरील फाइली सरळ वाचता येतात, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. वीस वर्षांनी हे कोठार उघडणाऱ्याला या लेखातील एकही शब्द ठाऊक नसला तरी त्याचे अडणार नाही.

परंतु मर्जर-एफएस स्वतः कसलेही रक्षण करीत नाही. ते काम स्नॅप-रेड या दुसऱ्या साधनाकडे द्यावे लागते. ते ताळा एका स्वतंत्र डिस्कवर ठेवते, फाइलींचे पडताळा-अंकही नोंदवते. मात्र हे काम लिहिता लिहिता न करता ठरलेल्या वेळी, साधारणतः रात्री एकदा करते. वाणी दिवसभर व्यवहार करून रात्री ताळेबंद मांडतो, तसे. यातून दोन परिणाम संभवतात. आज दुपारी लिहिलेल्या फाइलीला आज रात्रीपर्यंत संरक्षण नाही. आणि ताळा मांडल्यानंतर अन्य डिस्कांवरील फाइली पुसल्या अथवा बदलल्या असतील, तर बिघडलेल्या डिस्कवरील काही भाग परत मिळणार नाही. म्हणून चित्रफिती, छायाचित्रे, पुस्तकांचे स्कॅन अशा मोठ्या व न बदलणाऱ्या फाइलींना ही पद्धत योग्य. सतत बदलणाऱ्या माहितीकोशाला अयोग्य. उलटपक्षी हीच दिरंगाई कधी उपकारक ठरते. चुकून पुसलेली फाइल रात्रीचा ताळा होण्याआधी परत मागता येते.

ताळ्याची डिस्क ही माहितीच्या सर्वांत मोठ्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असली पाहिजे, हा एकच कडक नियम आहे. दोन ते चार डिस्कांना एक ताळा, पाच ते चौदांना दोन, असे प्रमाण स्नॅप-रेडच्या कर्त्याने सुचवले आहे. सहा ताळ्यांपर्यंत सोय आहे.

एका घराचा हिशेब

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एका घरात ८, ८, ४ आणि २ टेराबाइटांच्या चार डिस्क आहेत. एकूण २२ टेराबाइट.

नुसत्या जोडणीने २२ टेराबाइट मिळतील आणि रक्षण शून्य. एका ताळ्याच्या पारंपरिक रेडमध्ये प्रत्येक डिस्क २ टेराबाइटांची धरली जाईल. उपयोगाला ६ टेराबाइट येतील आणि १४ टेराबाइट वापराविना पडून राहतील. झेडएफएसमध्ये आठ-आठांची एक आणि चार-दोनांची एक अशा प्रतिबिंबाच्या जोड्या केल्या तर १० टेराबाइट. बीटीआरएफएसच्या प्रतिबिंबात एकूण जागेच्या निम्मे, म्हणजे ११ टेराबाइट. मर्जर-एफएस आणि स्नॅप-रेड यांच्या जोडीत आठाची एक डिस्क ताळ्याला जाईल आणि १४ टेराबाइट हाती राहतील.

पहिली पद्धत सोडली तर सर्वांत एका डिस्कचा बिघाड पचतो. फरक दुसऱ्या बिघाडात दिसतो. कणग्यांच्या पद्धतीत दोन डिस्क गेल्या तरी उरलेल्या डिस्कांवरील फाइली जागच्या जागी असतात. पेवाच्या पद्धतीत, दुर्दैवाने एकाच जोडीच्या दोन्ही डिस्क गेल्या, तर सगळे गेले.

यावरून निवडीचे सूत्र असे मांडता येईल. जुन्या, असमान डिस्क हाताशी आहेत, साठा बव्हंशी न बदलणाऱ्या फाइलींचा आहे आणि पुढे एकेक डिस्क वाढत जाणार आहे, तर मर्जर-एफएस व स्नॅप-रेड घ्यावे. नव्या, समान दोन डिस्क विकत घेण्याची ऐपत आहे आणि रोज बदलणारे लेखन व कागदपत्रे सांभाळायची आहेत, तर झेडएफएसचे प्रतिबिंब घ्यावे. लिनक्सच्या गाभ्याबाहेर जायचे नसेल, किंवा डिस्क असमान असूनही तात्काळ रक्षण हवे असेल, तर बीटीआरएफएसचे प्रतिबिंब. पारंपरिक रेड ही समान डिस्क आणि वेगाची गरज असलेल्यांसाठी. घरात अशी गरज क्वचित असते.

जुळणीच्या पायऱ्या

उदाहरणातील घराने कणग्यांची पद्धत स्वीकारली असे धरून पुढील क्रम सांगितला आहे.

प्रथम, डिस्कांवर जे आधीपासून आहे त्याची प्रत अन्यत्र काढून घ्यावी. जुळणीत डिस्क कोऱ्या होतात आणि आज्ञा देताना एका अक्षराची चूक पुरते. नंतर प्रत्येक डिस्कचा निर्मिती-क्रमांक कागदावर लिहून तोच चिठ्ठीने डिस्कवर चिकटवावा. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे देते. पण संगणक पुन्हा चालू झाल्यावर ही नावे बदलू शकतात. बिघडलेली समजून चांगली डिस्क बाहेर काढल्याचे प्रसंग या एका हलगर्जीपणातून घडतात.

दुसरे, प्रत्येक डिस्कची स्मार्ट ही अंतर्गत तपासणी पूर्ण लांबीची करून घ्यावी. मोठ्या डिस्कला यासाठी अर्धा दिवस वा अधिक लागतो. ज्या डिस्कने काही जागा निकामी म्हणून आधीच बदलून घेतल्या आहेत आणि तो आकडा वाढतो आहे, तिला साठ्यात घेऊ नये. डिस्क शक्यतो संगणकाच्या साटा खाचांनाच जोडाव्यात. यूएसबीच्या पेट्या स्वस्त पडतात, परंतु कित्येक पेट्या डिस्कचा खरा क्रमांक लपवतात आणि मध्येच संबंध तोडतात.

तिसरे, प्रत्येक डिस्कवर ईएक्सटी४ ही साधी फाइल-व्यवस्था तयार करावी. ती आपण होऊन पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. आठ टेराबाइटांच्या डिस्कवर ही राखीव जागा ४०० गिगाबाइट होते. ताळ्याच्या डिस्कवर ती शून्य करावी, म्हणजे ताळ्याला जागा अपुरी पडणार नाही. ८ टेराबाइटांची डिस्क संगणकात ७.३ च्या आसपास दिसली तर फसवणूक झाली असे समजू नये; कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या, एवढाच भेद.

चौथे, प्रत्येक डिस्क आपापल्या फोल्डरवर जोडावी आणि ती जोडणी एफएसटॅब या फाइलीत डिस्कच्या कायम ओळखक्रमांकाने नोंदवावी. येथे एक सापळा आहे. एखाद्या दिवशी डिस्क जोडलीच गेली नाही, तर तिचे रिकामे फोल्डर मागे उरते आणि नव्या फाइली त्यात, म्हणजे कार्यप्रणालीच्या छोट्या डिस्कवर, जाऊन पडतात. म्हणून डिस्क जोडण्यापूर्वीच त्या रिकाम्या फोल्डरवर 'बदल करता येणार नाही' अशी खूण करून ठेवावी. मग चूक झाली तरी ती लगेच उघडकीस येते.

पाचवे, ८, ४ आणि २ टेराबाइटांच्या तीन डिस्कांवर मर्जर-एफएसचे आच्छादन घालावे, आणि फाइली ठेवण्याचा नियम व किमान मोकळी जागा सांगावी. उरलेली ८ टेराबाइटांची डिस्क या आच्छादनाबाहेर, केवळ ताळ्यासाठी ठेवावी. स्नॅप-रेडची सूची-फाइल एकाहून अधिक डिस्कांवर ठेवण्यास विसरू नये. सूची गेली तर ताळा असून उपयोग नाही. घरातील अन्य यंत्रांना हा साठा सांबा या व्यवस्थेने दाखवता येतो.

सहावे, रात्रीच्या ताळ्याचे वेळापत्रक लावावे. ताळा मांडण्यापूर्वी आज किती फाइली पुसल्या गेल्या हे मोजून, ठरावीक संख्येपेक्षा अधिक असल्यास काम थांबवण्याची अट घालावी. नाहीतर एका रात्रीत झालेली चूक त्याच रात्री ताळ्यात पक्की होते. आठवड्यातून एकदा जुन्या मजकुराची फेरतपासणीही लावावी. स्नॅप-रेड दर वेळी साठ्याचा सुमारे आठ टक्के भाग तपासते आणि असे करीत काही महिन्यांत सगळा साठा नजरेखालून जातो.

शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात. सर्व काही उभे राहिल्यावर, साठ्यात अजून महत्त्वाचे काही नसताना, संगणक बंद करून एक डिस्क काढावी आणि तिच्या जागी कोरी डिस्क लावून ताळ्यावरून मजकूर परत आणून पाहावा. आग लागल्यावर विहीर खणायला निघणाऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. डिस्कच्या बाबतीत आपण नेमके तसेच वागतो.

साठा म्हणजे बॅकअप नव्हे

आतापर्यंत वर्णिलेल्या सर्व पद्धती डिस्कच्या बिघाडापासून रक्षण करतात. माणसाच्या चुकीपासून, चोरीपासून, आगीपासून, पुरापासून त्या रक्षण करीत नाहीत. प्रस्तुत लेखकाला हा भेद स्वतःच्या खर्चाने समजला. अनुवाद करताना अडलेल्या संज्ञा आणि त्यांचे मराठी पर्याय यांची टिपणे अनेक वर्षे जमत गेली होती. डिस्क बिघडेल या भीतीने त्यांच्यासाठी प्रतिबिंबाची जोडी केली आणि मन निर्धास्त झाले. एका संध्याकाळी जुने फोल्डर समजून नव्यावरच 'पुसा' अशी आज्ञा दिली गेली. दोन्ही डिस्क निरोगी होत्या. दोघींनीही ती आज्ञा त्याच क्षणी, चोख पाळली. प्रतिबिंब हे मूळ वस्तूचेच प्रतिबिंब असते. वस्तू नाहीशी झाली की आरशात काय उरणार? टिपणांपैकी जेवढी कागदावर छापून ठेवली होती तेवढी राहिली. बाकीची आठवून पुन्हा लिहिण्याचे काम अजून संपलेले नाही.

म्हणून जे पुन्हा निर्माण करता येणार नाही त्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी, हा जुना नियम सामाईक साठा असलेल्या घरालाही लागू आहे. सगळ्या १४ टेराबाइटांची प्रत काढण्याची गरज नसते. चित्रपट पुन्हा मिळतील. आजीचा आवाज असलेली ध्वनिफीत, वडिलांची पत्रे, घरातील लहानग्याचे पहिले पाऊल टिपणारी चित्रफीत यांचा साठा बहुधा एका लहान डिस्कवर मावतो. ती डिस्क दर दोन-तीन महिन्यांनी भरून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवली तरी पुष्कळ झाले. वीज वारंवार जात असेल तर सर्व्हरला एक यूपीएस जोडून, वीज गेल्यावर काही मिनिटांत संगणक आपण होऊन व्यवस्थित बंद होईल अशी सोय करावी.

सामाईक साठ्याची निवड करताना लोक किती जागा मिळेल हे आधी विचारतात, किती वेग मिळेल हे नंतर. विचारायचा खरा प्रश्न असा आहे की, ज्या दिवशी डिस्क थांबेल त्या दिवशी आपल्याला नेमके काय करावे लागेल आणि ते आपल्याला करता येईल का? ज्या पद्धतीत या प्रश्नाचे उत्तर घरातील माणसाला समजेल अशा भाषेत एका कागदावर लिहिता येते, ती पद्धत त्या घरासाठी योग्य समजावी. तो कागद लिहून, डिस्कांच्या क्रमांकांसह, सर्व्हरच्या पेटीला चिकटवून ठेवावा. जुळणीचे काम तेथे पुरे होते.